आबांची पाटी आणि वारा

प्रभाकर खरमाळ्यांचा टेम्पो कुरमुरे वाहायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. टेम्पोत सिमेंट असतं, फरशा असत्या, तर तो दमला म्हणून कुणाला नवल वाटलं नसतं. पण कुरमुरे! टिटवाळ्याला वैशाली भोईरांच्या भट्टीवर भरलेलं पोतं एका हाताने उचलावं आणि दुसऱ्या हातातला चहा सांडूसुद्धा नये, इतकं हलकं. तर असा फुंकरीने उडेल असला माल घेऊन प्रभाकरचा नवाकोरा बॅटरीचा टेम्पो सकाळी ठाण्याला जायचा, कोपरीत आणि टेंभी नाक्यावर पोती उतरवायचा, आणि परत येताना, तेही रिकामा असताना, शहाडच्या पुलावर मान टाकायचा.

पहिल्यांदा मान टाकली तेव्हाची गंमत ऐकण्यासारखी आहे. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. चार-पाच पोरं धावत आली आणि ढकलायला लागली.

"काका, सेकंडला टाका आणि क्लच सोडा!"

"क्लच नाही रे याला."

"मग फर्स्टला टाका!"

"गिअरच नाहीये बाबा."

ढकलणारा थांबला. घाम पुसत खिडकीशी आला. "मग आहे तरी काय याला?"

"हॉर्न आहे," प्रभाकर म्हणाला आणि एकदा वाजवून दाखवला.

शेवटी विटांच्या ट्रकला दोर बांधून वरात टिटवाळ्याला पोचली. रस्त्यावरची पोरंसोरं हसत होती. प्रभाकरही हसला. पण घरी येऊन चपला काढताना त्याचा चेहरा बायकोने, नीलाने, पाहिला आणि काही न विचारता चहा ठेवला.

हा प्रभाकर म्हणजे जन्माचा ड्रायव्हर. साठीला टेकला तरी घरात खुर्चीवर बसला की उजवा पाय ब्रेक शोधायचा. झोपेत "साइड दे, साइड दे" म्हणायचा आणि नीला खरोखरच सरकून साइड द्यायची. आयुष्यभर डिझेलच्या खडखडाटात बसलेला माणूस. बॅटरीची गाडी घेतल्यावर पहिल्यांदाच त्याला गाडी चालवताना स्वतःचं गाणं ऐकू आलं. ते बेसूर आहे हेही पहिल्यांदाच कळलं. तरी गायचा. "एवढी वर्षं इंजिनाने माझी अब्रू राखली," असं म्हणायचा.

आणि आता त्या गाडीनेच त्याला घरी बसवायचं घाटलं होतं. वैशालीताई बाई भली, पण धंदा म्हणजे धंदा. दुपारपर्यंत टेम्पो भट्टीवर परत आला, तरच जेवणाच्या वेळात चार्जिंगला लावून कल्याण-डोंबिवलीचा दुसरा माल निघायचा. वाटेत चार्जिंगला लावून बसलं की ती दुपार गेली. एक दिवस ती चाळणी बाजूला ठेवून म्हणाली, "काका, घटस्थापनेपासून टेंभी नाक्याला किती माल जातो तुम्हाला माहितेय. तोवर एका चार्जिंगमध्ये जाऊन येणं जमलं तर ठीक. नाहीतर मला दुसऱ्याचा डिझेल टेम्पो सांगावा लागेल. राग मानू नका."

रागाचा प्रश्नच नव्हता. राग आला तो जावयाचा. सुशांत डोंबिवलीला एका सोसायटीचा सेक्रेटरी. तो रविवारी आला तो हातात पिशवी घेऊनच. पिशवीतून निघाली निळी टोपी आणि चकचकीत शिट्टी.

"पप्पा, आमच्या गेटवर जागा झालीय. केबिनमध्ये पंखा आहे. बसून काम."

"बसून काम तर मीही करतो, सुशांतराव. पण माझ्या खुर्चीखाली चाकं आहेत."

"आता या वयात…"

"तुमचं गेट हलतं का कुठे? नाही ना? मग राहू दे."

सुशांतचा हेतू वाईट नव्हता. सासऱ्याला रस्त्यात ढकलावं लागतं हे त्याला बघवत नव्हतं, इतकंच. टोपी आणि शिट्टी त्याने देवळीत ठेवली आणि जाताना सासूला डोळ्यांनी खूण केली. ती शिट्टी मग रोज जेवताना प्रभाकरच्या डोळ्यांसमोर लकाकायची.

प्रभाकरचा जुना दोस्त महेंद्र उबाळे. विठ्ठलवाडीला त्याचं फायबरचं वर्कशॉप. बागेतल्या घसरगुंड्या, दुकानांची अक्षरं, लग्नाच्या हॉलातले हत्ती, सगळं फायबरचं. एकदा त्याने केलेला हत्ती टेम्पोतून नेताना प्रभाकरने कोनगावच्या नाक्यावर सोंडेचं टोक घालवलं होतं आणि त्या लग्नात हत्ती आखूड सोंडेचाच उभा राहिला. तेव्हापासूनची ही मैत्री. महेंद्रची मुलगी मृणाल मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बापाबरोबर ती प्रभाकरच्या दारात आली, टेम्पोभोवती एक चक्कर मारली, वर पाहिलं आणि विचारलं, "काका, ही पाटी काय आहे?"

इथे पाटीची गोष्ट सांगावी लागते. प्रभाकरचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ते जुन्नरकडून कल्याणला आले. आधी बाजारात हातगाडी, मग तीनचाकी टेम्पो. ते गेल्यावर प्रभाकरने केबिनच्या टपावर लाकडी पाटी बसवली. दोन बाजूंना दोन मोर, मधे लाल अक्षरांत 'आबांची कृपा'. गाड्या बदलल्या, पाटी तीच. एका टेम्पोवरून उतरायची, नारळ फुटायचा, दुसऱ्यावर चढायची. ताठ उभी, आणि मागच्या मालाच्या डब्याहूनही हातभर उंच.

"पाटीला हात लावायचा नाही," प्रभाकर म्हणाला.

"हात नाही लावत हो. पण तुमची बॅटरी कुरमुरे ओढण्यात नाही संपत. हवा ढकलण्यात संपते. पूर आल्यावर उल्हास नदी पुलाच्या खांबाशी काय करते बघितलंय ना?"

"आपटते. मागे भोवरा धरते."

"बस्स. तुम्ही हवेच्या नदीत खांब घेऊन पळताय. आणि जितकं जोरात पळाल त्याच्या कितीतरी पटीने ती अडवणार. ठाणे-नाशिक रस्त्याला मोकळं मिळालं की किती दाबता?"

"दाबतो थोडा," प्रभाकर म्हणाला. नीलाने आतून हुंकार भरला.

"खांब गोल असला, उतरता असला, तर नदी त्याच्या अंगावरून निघून जाते. म्हणून म्हणते, ही पाटी जर मागे कलती केली…"

"पितृपंधरवडा चालू आहे, मृणाल. आणि मी बापाचं नाव आडवं पाडू? आडवं नाव कुणाचं असतं?"

महेंद्रने लेकीला कोपरखळी मारली. मग पाटी सोडून बाकीचं सुरू झालं. प्लंबिंगचे पाइप उभे चिरून डब्याच्या धारदार कडांना बसवले, कडा गोल झाल्या. वेग बेताचा ठेवायचं प्रभाकरने सगळ्यांसमोर कबूल केलं आणि पाळलंही. फरक पडला नाही असं नाही. टेम्पो आता शहाडला मान न टाकता आंबिवलीला टाकायला लागला.

"प्रगती आहे," महेंद्र म्हणाला. "असाच गाव-गाव करत दिवाळीपर्यंत घरी पोचशील."

तेव्हा मृणालने लोकर मागितली. नीला लोकरीची तोरणं विणायची. पिवळ्या लोकरीचे उरलेले गुंडे घरात पडलेले. वीतभर लांबीचे तुकडे कापून टेम्पोच्या दारांवर, डब्याच्या बाजूंना, टपावर, सगळीकडे चिकटपट्टीने डकवले. एक टोक चिकटलेलं, दुसरं मोकळं. "हवा दिसत नाही, पण लोकर दिसते," ती म्हणाली. "जिथे धागा मागच्या मागे शांत पडून राहील, तिथे हवा सुखाने जातेय. जिथे नाचेल, तिथे आपली बॅटरी खाल्ली जातेय." पाटीवर मात्र एकही धागा लागला नाही. प्रभाकर पाटीखाली पहाऱ्यालाच उभा होता.

पिवळ्या झिपऱ्यांचा तो टेम्पो निघाला. गोवेलीच्या रस्त्याला मोकळी हवा, तिथे चाचणी घ्यायची ठरलेलं. पण निघता निघता महेंद्रला मिसळ आठवली. टेम्पो गणपतीच्या देवळाच्या वाटेवर कडेला लावून प्रभाकर, महेंद्र आणि मृणाल तिघं हॉटेलात जाऊन बसले. नेमकी त्या दिवशी संकष्टी, हे तिघांच्याही ध्यानात नाही. एरवी टिटवाळ्याच्या माणसाला संकष्टी विसरता येत नाही, कारण रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. पण प्रभाकरच्या डोक्यात त्या दिवसांत आंबिवली सोडून काही नव्हतं.

आत मिसळीला दुसरा रस्सा आला, तोवर बाहेर काय झालं? आवडाबाई नावाची एक बाई देवळाच्या वाटेवर हार आणि लाल दोरे विकते. तिने पाहिलं, एक गाडी उभी आहे, अंगभर धागे बांधलेत, आणि वर ठसठशीत लिहिलंय, आबांची कृपा. बाईचा स्वभाव दुसऱ्याच्या भल्याचा. तिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "आबामहाराजांची गाडी आलीय. बघा, केवढे नवस बोललेत लोकांनी! दोरा घ्या, दोरा!"

मिसळ संपवून तिघं बाहेर आले तर टेम्पोभोवती रांग. एक गृहस्थ बंपरवर उभे राहून पाटीच्या मोराला दोरा बांधत होते.

"ओ! उतरा खाली! काय चाललंय?"

"रांगेत या, रांगेत," गृहस्थ मागे न बघता म्हणाले.

"अहो, टेम्पो माझा आहे!"

"म्हणजे तुम्ही महाराजांचे सेवेकरी?" गृहस्थ घाईने खाली उतरले आणि प्रभाकरच्या पाया पडले.

महेंद्र हसून हसून रस्त्याच्या कडेला खाली बसला. मृणालने कपाळाला हात लावला. पाटीचा वरचा काठ, मोरांच्या माना, मागचे टेकू, जिथे म्हणून गाठ बसेल तिथे लाल दोरे लोंबत होते.

"काका, काढून टाका पटापट, टेस्टची वाट लागेल."

प्रभाकरने पहिल्या गाठीला हात घातला तशी ट्रॅकसूटमधली एक मुलगी पुढे आली. "काका, तो माझा आहे. पोलीस भरतीचं रनिंग आहे माझं. समोरून वारा आला की दमते मी. म्हणून बांधलाय. प्लीज राहू द्या ना."

समोरून वारा आला की दमते! प्रभाकर तिच्याकडे बघतच राहिला. मग हात खाली घेऊन म्हणाला, "राहू दे गं मृणाल. माणसांच्या इच्छा आहेत त्या. मी कशा सोडू? तसेच जाऊ."

तसेच गेले. प्रभाकर टेम्पोत, शेजारून महेंद्रची स्कूटर, आणि तिच्या मागच्या सीटवर मृणाल मोबाइलने चित्रण करतेय. गोवेलीच्या रस्त्याला लागल्यावर तिच्या तोंडून जो "अरे!" निघाला, तो हेल्मेटमधूनही महेंद्रला ऐकू गेला.

संध्याकाळी सगळे प्रभाकरच्या घरी मोबाइलभोवती जमले. खाटेवर आबांच्या पत्नी, म्हणजे प्रभाकरच्या आई गंगुबाई. ऐंशी कधीच ओलांडलेली, दात नाहीत, पण जिभेला धार. त्यांना चष्मा दिला. चित्रात डब्याच्या बाजूचे पिवळे धागे सरळ पडलेले, दारावरचे शहाण्यासारखे मागे वळलेले. आणि पाटीवरचे लाल दोरे? काठावरचे ताठ उभे राहिलेले. पाटीमागचे तर चक्क उलटे, पुढच्या दिशेला तोंड करून गरगरत होते. पाटीवरून उडी मारलेली हवा मागे भोवरा करत होती आणि त्या भोवऱ्यात डब्याच्या टपावरचे पिवळे धागेही चळ लागल्यासारखे नाचत होते.

"मी पाटीला एकही धागा लावला नव्हता," मृणाल म्हणाली. "हे लोकांनी लावले म्हणून दिसलं."

प्रभाकर देवळीतल्या शिट्टीकडे बघत होता. दोन्हीकडून अडकलेला माणूस कसा दिसतो ते तेव्हा त्याच्याकडे पाहून कळलं असतं. पाटी ठेवावी तर टेम्पो जातो, टेम्पो ठेवावा तर बाप आडवा होतो.

"ते लाल दोरं कसलं रं?" गंगुबाईंनी विचारलं.

महेंद्रने घडलेला प्रकार सांगितला. आवडाबाई, रांग, पाया पडणं, सगळं. गंगुबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग अख्खी खाट हलायला लागली.

"म्हाराज? तुझा बा म्हाराज? आरं, मी त्याला आठ दिस सांगायची, दळण आणा, तर आणायचा न्हाई! आन् त्यो आता नवसाला पावायला लागला व्हय?" नीला पाठीवरून हात फिरवायला लागली, इतका त्यांना ठसका लागला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मंग आता काय म्हननं हाय पोरीचं?"

"आजी, पाटी मागे कलती करायला हवी. पण काका म्हणतात, आबांना आडवं करायचं नाही."

"आन् त्यो ताठ कवा होता?" गंगुबाई कडाडल्या. "परभ्या, तुला आठवत न्हाई? गावी बैलगाडीत गवतावर कलंडलेला. हितं आला तर हातगाडीवर कलंडलेला. टेंपो घेतला तर पोत्यांवर, एक हात डोक्याखाली. लग्नाच्या पाटावर बी टेकायला उशी मागितली व्हती त्यानं, माझ्या बापाच्या देखत! सबंध जल्मात ताठ बसला न्हाई, आन् तू त्याला येवढी वर्सं वाऱ्यात ताठ उभा केलास. पंधरवड्यात आपल्या मानसाला आराम द्यायचा न्हाई तर कवा द्यायचा? टेकव त्याला!"

प्रभाकरने आईकडे पाहिलं. पाहता पाहता त्यालाही ते दिसलं असावं, पोत्यांवर रेललेले आबा, डोळ्यांवर टोपी, एक पाय हलतोय. तो हसला आणि नाक ओढून म्हणाला, "उशी मागितली होती हे कधी सांगितलं नाहीस."

"सासर-माहेरची इज्जत व्हती ती!"

बाकीचं काम महेंद्रचं. घसरगुंडीच्या साच्याचा एक तुकडा उलटा करून त्याने केबिनच्या टपावर बसेल अशी फायबरची टोपी केली. पुढून उतरती, मागे चढत जाऊन बरोबर डब्याच्या काठाला मिळणारी. मृणालने पुन्हा लोकर डकवली. पहिल्या खेपेला धागे एका कडेला अजून थरथरत होते, तर महेंद्रने कुरकुरत ती कड घासून आणखी गोल केली. दुसऱ्या खेपेला मात्र झोपी गेल्यासारखे पडून राहिले. जुनी लाकडी पाटी गंगुबाईंच्या खाटेमागच्या भिंतीवर गेली. टोपीच्या उतारावर रंगाऱ्याने तीच अक्षरं काढली, तेच मोर काढले. लाल दोरे प्रभाकरने एकेक करून सोडवले, फेकले नाहीत. मागच्या दाराच्या कडीला, आतल्या बाजूने बांधून टाकले. आवडाबाईला सांगून आला, "कुणी विचारलं तर सांग, सगळे जागेवर आहेत." त्यातला ट्रॅकसूटवाल्या मुलीचा दोरा ती पुढे थंडीत सोडायला आली, पेढे घेऊन, आणि गंगुबाईंनी आबांच्या वतीने दोन पेढे जास्तच ठेवून घेतले.

पण ते नंतर. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी टेम्पो ठाण्याला निघाला तेव्हा शेजारच्या सीटवर गंगुबाई होत्या. कुणाचं ऐकलं नाही. "नवऱ्याची गाडी हाय," एवढंच. साकेतच्या पुलावर खाडीचा वारा समोरून आला. प्रभाकरने स्टिअरिंग सवयीने घट्ट धरलं, कारण इथे टेम्पो नेहमी अडखळायचा, कुणी छातीवर हात ठेवून मागे रेटल्यासारखा. आज तो हात आलाच नाही. टपावर नुसता सूंऽऽ असा बारीक आवाज.

"काय रं वाजतंय?"

"आबा घोरतायत," प्रभाकर म्हणाला, आणि गंगुबाई पुन्हा हलायला लागल्या.

कोपरीत पोती उतरली. टेंभी नाक्यावर मांडवाची कमान चढत होती, तिथल्या दुकानदाराने टोपीवरच्या मोरांचं कौतुक केलं. परतीला प्रभाकर गायचा बंद झाला. डोळा सारखा चार्जच्या आकड्यावर. शहाडचा पूल आला, गेला. आंबिवली आली. इथे टेम्पो आजवर ज्या पानटपरीसमोर थांबायचा, तिथला टपरीवाला खुर्ची घेऊन बाहेर येऊन उभाच होता. टेम्पो थांबला नाही. टपरीवाल्याने खुर्ची डोक्यावर धरून नाचवली.

भट्टीपाशी वैशालीताई, नीला, महेंद्र, मृणाल सगळे रस्त्याकडे डोळे लावून. सुट्टी काढून आलेला सुशांतही होता. टेम्पो वळणावर दिसला, तो आपल्या पायांनी येत होता. दोर नाही, पुढे ट्रक नाही.

वैशालीताईने खिडकीतून आत डोकावून चार्ज पाहिला. मग भट्टीकडे वळून ओरडली, "अरे, डोंबिवलीची पोती काढा रे! आणि उद्याची टेंभी नाक्याची बांधून ठेवा, काकाच नेणार आहेत!"

माल भरायला टेम्पो मागे घ्यायचा होता. गल्ली अरुंद, मागचं दिसत नव्हतं. तेवढ्यात शिट्टी वाजली. प्रभाकरने आरशात पाहिलं. निळी टोपी घालून सुशांत मागे उभा होता, एक हात हलवत.

"येऊ द्या पप्पा, येऊ द्या… थोडं डावीकडे… येऊ द्या!"

"जावईबापू चांगलं काम करतात गं," प्रभाकर आईला म्हणाला. "ठेवून घेऊ या का?"

त्याने शेजारी पाहिलं. गंगुबाई सीटवर कलंडल्या होत्या, एक हात डोक्याखाली, आणि घोरत होत्या. प्रभाकरने आवाज न करता टेम्पो मागे घेतला. बॅटरीची गाडी, तिला आवाज असतो कुठे!